आमचे साडू आणि सापांच्या सोयरिकी

आखातात येऊन कुणी सोनं जमवतं, कुणी ओळखी जमवतं, कुणी नुसतं पोट जमवतं (त्यातला मी एक). पण सापांच्या सोयरिकी जमवणारा माणूस सबंध आखातात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. साडू हे नातं तसंही विचित्रच. भाऊ जन्मानं मिळतो, मित्र आपण निवडतो, साडू मात्र सासरच्या आहेरासारखा येतो. परत करता येत नाही, आणि काही वर्षांनी कळतं की घरात सगळ्यात जास्त वापरात तोच आहे.

आमचे साडू मूळचे कराडचे. धंद्यानं एअर कंडिशनिंगचे इंजिनियर. बहारीनसारख्या देशात हा माणूस डॉक्टरपेक्षा महत्त्वाचा. उन्हाळ्यात ताप आला तर माणूस दोन दिवस थांबतो, एसी बंद पडला तर दोन तास थांबत नाही. उंच, सडसडीत, कपाळावर कायमची एक आठी. कुणी 'कसे आहात' विचारलं तरी आधी विचार करून मग उत्तर देणारे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो, आणि ते मला 'तुम्ही' म्हणतात ते माझ्याबद्दल अजून खात्री झालेली नाही म्हणून. माहूजमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. त्यांना मूलबाळ नाही. दुसरी बेडरूम ताईनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, पाहुण्यांसाठी सजवून ठेवली होती. आता तिथे साप राहतात, आणि पाहुणे येत नाहीत.

याची सुरुवात झाली शेजारच्या एका इंग्रजापासून. त्याची बदली झाली, आणि जाताना त्यानं कुंड्या आम्हाला दिल्या व दोन साप साडूंना. कुंड्या आठवड्यात मेल्या. साप जगले, नांदले आणि वाढले. कॉर्न स्नेक नावाचा हा अमेरिकेतला साप. बिनविषारी, मनगटाएवढाही जाड नाही, स्वभावानं आमच्या ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या कारकुनासारखा: दिलं तर खातो, नाहीतर पडून राहतो. त्यातला नर केशरी-तांबडा, अंगावर काळ्याचा ठिपका नाही आणि डोळे लाल. मादी करडी, तिच्यात तांबड्याचा मागमूस नाही. साडूंनी पहिल्या आठवड्यातच त्यांची पिंजऱ्याबाहेरून पाहणी केली आणि ताईला म्हणाले, "स्थळ चांगलं आहे."

ताईनं दोन अटी घातल्या. सापांना देवाचं नाव ठेवायचं नाही, आणि त्यांचं खाणं तिच्या फ्रिजमध्ये नको. सापांचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. पहिली अट साडूंनी पाळली. दुसरी पाळायला नवा छोटा फ्रिज येईपर्यंत काही दिवस गेले, आणि नेमक्या त्या दिवसांत मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना ताई म्हणाली, "जरा फ्रीजरमधून मटार काढा हो." मी काढलेली पिशवी मटाराची नव्हती. तेव्हापासून मी मटार सोडला. डॉक्टरनं सोड म्हणून सांगितलेलं तूप मात्र अजून सुटलेलं नाही.

त्या जोडीला पिल्लं झाली तो दिवस मला आठवतो, कारण आम्हाला सहकुटुंब बोलावणं होतं. केशरी बाप, करडी आई. पिल्लं काहीतरी अद्भुत निघतील म्हणून माझी मुलगी सई मोबाइल सरसावून उभी. निघाली ती सगळी एकजात साधी. जंगलात असतात तशीच, तपकिरी-तांबूस. सई म्हणाली, "काका, that's it?" साडू मात्र नातू झाल्यासारखे खूश. "अगं, हीच तर गंमत! ही साधी दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात दोन गुपितं आहेत. एक बापाचं, एक आईचं. दाबून बसलेली आहेत. यांची पोरं होऊ देत, मग बघ. सोळात एक पांढराशुभ्र निघणार!"

पुढे ही पिल्लं मोठी झाली, त्यांच्यातच जोडी लावली गेली (हे ऐकून माझ्या बायकोनं कानांवर हात ठेवले), आणि सोळा अंडी आली. आम्ही पुन्हा सहकुटुंब हजर. साध्या पिल्लांत काही केशरी निघाली, काही करडी. पांढरं एकही नाही. साडूंच्या कपाळावरची आठी दुप्पट खोल झाली. मी धीर देण्याच्या हेतूनं म्हणालो, "सोळात एक म्हणाला होतात ना? हिशोबाला एक कमी पडतंय." मी अकाउंटंट आहे, मला तेवढंच कळतं. ते म्हणाले, "अहो, सोळात एक म्हणजे सोळाव्याला हमखास असं नसतं. प्रत्येक अंडं आपलं नाणं नव्यानं उडवतं. शेजारच्या अंड्याचं काय झालं याची त्याला खबर नसते." पुढच्या वर्षी दोन पांढरी निघाली. त्या दिवशी साडूंनी ऑफिसात पेढे वाटले. कारण कळल्यावर लोकांनी ते हातातच धरून ठेवले, असं ताई सांगते.

त्यानंतर या माणसाची नजरच बदलली. समोर कुणीही आलं की साडू त्याला बघायच्या आधी त्याच्या आईबापांना बघायला लागले. लग्नाला गेलो की आम्ही नवरीचा शालू बघणार, हे दोन्हीकडच्या आज्या न्याहाळणार. झिंजमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरी बारसं होतं. आई काळ्या डोळ्यांची, बाप काळ्या डोळ्यांचा, आणि पाळण्यातलं पोर चांगलं घारं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुजबुजीचा आवाज असा असतो की तो ज्याच्याबद्दल आहे त्यालाच नेमका ऐकू जातो. पाळण्याशी बसलेल्या त्या आईचा चेहरा उतरला. साडू हातात श्रीखंडाची वाटी घेऊन उठले आणि भर दिवाणखान्यात पोराच्या आजीला विचारते झाले, "तुमच्यात घाऱ्या डोळ्यांचं कुणी?"

आजी म्हणाली, "माझे वडील होते की घारे."

"आणि सूनबाईंकडे?"

"माझी आत्या," ती पोरगी पुटपुटली.

"मग झालं! डोळ्यांचं गणित सापांपेक्षा जरा किचकट असतं, पण दोन्हीकडून दबून आलेलं इथे वर आलं, एवढं नक्की. पणजोबा आलेत, पाया पडा त्यांच्या!"

सापांशी तुलना झाल्याबद्दल चार बायका रागावल्या, पण आजीनं डोळे पुसत पोर उचललं आणि सुनेच्या वाटीत श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं.

घरमालकाचीही तीच गत. तिसऱ्या मजल्यावर साप आहेत हे कळल्यावर तो बहारीनी म्हातारा तावातावानं वर आला. त्याच्या गच्चीवर कबुतरं होती, हे साडूंना ठाऊक होतं. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि पांढऱ्या सापाचे आजी-आजोबा दाखवले. म्हातारा दोन तास बसला. कबुतरांत पांढरं शेपूट आजोबाकडून येतं की पणजोबाकडून, यावर दोघांचं मोडक्या हिंदीत कडाक्याचं भांडण झालं, आणि जाताना तो म्हणाला, "खलास, मफी मुश्किल. बस, लिफ्ट में नहीं आना." खलास म्हणजे संपला विषय, मफी मुश्किल म्हणजे हरकत नाही. लिफ्टचं सापांबद्दल होतं.

नागपंचमीला मात्र साडू हरले. आमच्या मंडळाच्या बायकांना खऱ्याखुऱ्या सापाची पूजा करायची होती. साडू म्हणाले, "हा नाग नाही. अमेरिकन आहे." त्यावर एक बाई म्हणाल्या, "व्हिसा आहे ना? मग चालेल." कुंकू लावायचं नाही, दूध पाजायचं नाही, पाजायचंच असेल तर मला चहा पाजा, एवढ्या अटींवर त्यांनी करड्या मादीला दर्शनाला बाहेर काढलं. ती लाह्यांच्या ताटाशेजारी शांत पडून राहिली. बायका म्हणाल्या, किती सोशिक! साडू म्हणाले, "कात टाकायला आली आहे, तिला दिसत नाहीये."

हे सगळं मी आजवर चार लोकांत नक्कल करून सांगत असे आणि हशा मिळवत असे. मग सईचा रिपोर्ट आला.

सईचं लग्न ठरलं होतं. मुलगा इथलाच, निनाद नावाचा, बँकेत नोकरीला. दोघांनी एकमेकांना शोधलं आणि आम्ही ते शोधल्याचा आव आणला. पत्रिका तेवढी बघितली. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले, नाडी वेगळी. आमची ही म्हणाली, आता चिंता नाही. त्यातच सईला थकवा वाटतो म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी. मग आमच्या घरातल्या बायकांना जे येतं ते सगळं सुरू झालं. अळिवाचे लाडू, बीट, काळ्या मनुका, आणि बहारीनमध्ये असल्यामुळे खजूर, ढीगभर खजूर. पोरीनं दोन महिने निमूटपणे खाल्लं. वजन वाढलं, हिमोग्लोबिन तसूभर हललं नाही. मग डॉक्टरनं आणखी एक तपासणी सांगितली, आणि कागदावर आलं: थॅलेसेमिया मायनर.

डॉक्टर म्हणाली होती, हा आजार नाही, ती फक्त वाहक आहे, थकवा कामाचा असेल, लोह उगाच देऊ नका. पण होणाऱ्या नवऱ्याची तपासणी करून घ्या. त्यातलं 'आजार नाही' हे वाक्य रुग्णालयाच्या पार्किंगमध्येच कुठेतरी पडलं. घरी पोचलं ते फक्त शेवटचं. ही सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आता त्यांना कसं सांगायचं? लग्न मोडलं तर?" मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "सांगायलाच पाहिजे का?" सई खोलीत दार लावून बसलेली. मी नेहमीप्रमाणे कठीण प्रसंगी करतो ते केलं. गाडी काढून पेट्रोल भरून आलो. टाकी अर्धी भरलेलीच होती.

परत आलो तर साडू आणि ताई दिवाणखान्यात. हिनंच फोन केला होता. साडूंनी कपाळावरची आठी घेऊन रिपोर्ट वाचला, आणि म्हणाले, "एक ताट द्या. थोडे तांदूळ आणि मसूर."

हिला वाटलं ओवाळायचं आहे.

साडूंनी सईला बाहेर बोलावलं आणि शेजारी बसवलं. "हे बघ. प्रत्येक माणसाकडे दोन दाणे. एक आईनं दिलेला, एक बापानं. मसूर म्हणजे ठीक. तांदूळ म्हणजे बिघडलेला. एक मसूर आणि एक तांदूळ असेल तर मसूर तांदळाला झाकतो. माणूस ठणठणीत. ही तू." ताटात त्यांनी एक मसूर, एक तांदूळ ठेवला. "माझी ती साधी दिसणारी पिल्लं आठवतात? तशीच. तू आजारी नाहीस. तू नुसती गुपित बाळगून आहेस."

"मग problem काय आहे?" सईनं विचारलं.

"दोन तांदूळ एकत्र आले तर. निनादचे दोन्ही मसूर असतील, तर तुमच्या मुलांना तुझ्याकडून फार तर एक तांदूळ मिळेल. तुझ्यासारखी होतील. त्याच्याकडेही एक तांदूळ असेल, तर मात्र दर खेपेला चारात एक शक्यता मूल खरंच आजारी असण्याची. एक झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. दर खेपेला नव्यानं."

ताटाकडे बघत ही म्हणाली, "पण नाडी तर वेगळी होती हो भावोजी!"

"अहो, नाडी बघितलीत. रक्त बघायचं राहिलं."

मग जे व्हायचं तेच झालं: हा तांदूळ कुठल्या घराण्याचा? ही म्हणाली, आमच्याकडे सगळे खणखणीत, माझी आजी नव्वदीत विहिरीचं पाणी ओढत होती. मी म्हणालो, माझ्या आजोबांनी पैलवानाला लोळवलं होतं. (हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो.) शेवटी दोघांनी तपासून घेतलं. तांदूळ माझा निघाला. हिच्या चेहऱ्यावरचा विजय तिनं सईच्या काळजीखाली कसाबसा झाकला. मला मात्र क्षणभर आशा वाटली की माझ्या जन्मजात आळसाला आता वैद्यकीय आधार मिळाला. मी डॉक्टरला तसं विचारलंही. ती म्हणाली, "नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

निनादच्या घरी सांगायचं ठरलं. सईनंच ठरवलं, "मी लपवणार नाही, आई, खलास." भेट अदलियातल्या एका कॅफेत. आम्ही तिघं, साडू, निनाद आणि त्याचे आईवडील. मी बोलायला सुरुवात केली आणि हवामानावरच अडकलो. मार्चमध्येच किती उकडतंय, नाही? सईनं माझ्याकडे बघितलं आणि सरळ सांगून टाकलं. साडूंनी साखरेच्या पांढऱ्या आणि तपकिरी पुड्या मांडून सगळं पुन्हा समजावलं. निनादची आई बोटांनी एक पांढरी पुडी इकडून तिकडे सरकवत राहिली. माझी ही पदराशी चाळा करत होती. तिनं साडी नेसली होती, कॅफेत, भर उन्हाचं.

निनादची आई म्हणाली, "म्हणजे याचीही तपासणी करायची. एवढंच ना?"

"एवढंच," साडू म्हणाले. आणि मग, गप्प बसवेना म्हणून, पुढे म्हणाले, "पण समजा यालाही निघालं, तर माझा सल्ला असा की शास्त्राच्या दृष्टीनं ही जोडी..."

"काका," निनाद मध्येच म्हणाला. मुलगा शांत आहे, तेव्हाही शांतच होता. "मलाही निघालं तर आम्ही डॉक्टरांकडे जाऊ. पोटात असतानाच तपासता येतं, बाकी पण options असतात, मी वाचलंय. जोडी तुम्ही लावलेली नाही. आम्ही साप नाही आहोत."

साडूंनी पुड्या एकेक करून परत वाटीत ठेवल्या. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझं चुकलं." निनादच्या वडिलांनी केक मागवला. तो आल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

रिपोर्ट यायला लागायचे तेवढे दिवस लागले. त्या दिवसांत घरात कुणी कुणाला त्याबद्दल विचारत नव्हतं. ही तांदूळ निवडताना हात थांबवून बसायची. मी ऑफिसात एकच बेरीज तीनदा करायचो आणि तीन उत्तरं काढायचो. मग एका दुपारी सईचा फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग रडण्यातून हसणं. "बाबा, तो clear आहे. दोन्ही मसूर!" मी खुर्चीत बसलो. खुर्ची तिथे होती ही देवाची कृपा. शेजारच्या टेबलावरचा केरळी सहकारी पाणी घेऊन आला. मी म्हणालो, "गुड न्यूज." तो म्हणाला, "सर, फेस देखके लगता नहीं."

मग ती म्हणाली, "काकांना सांगितलंय मी. त्यांना आधी केला फोन. रागावू नका हं."

संध्याकाळी पेढे घेऊन मी माहूजला गेलो. एकटाच, ही निनादच्या आईशी फोनवर बोलत होती आणि तो फोन रात्रीपर्यंत संपणार नव्हता. ताईनं दार उघडलं. "आत आहेत," म्हणाली, "दुपारी सईचा फोन ठेवला आणि चष्मा काढून बसले होते नुसते."

साडू सापांच्या खोलीत पाण्याच्या वाट्या बदलत होते. मी पेढा पुढे केला. त्यांनी हात धुतले, नीट पुसले, आणि मग घेतला.

"आता सुटलात," मी म्हणालो.

"तुम्ही सुटलात," ते म्हणाले. मग पेढा मोडत, "अंड्यांच्या वेळी मी पैज लावतो, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुमच्या ताटात तो तांदूळ ठेवला ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे सगळं गणित खोटं असतं तर किती बरं झालं असतं."

मी त्यांना आणखी एक पेढा दिला. साडूंना एवढं गोड चालत नाही, तरी त्यांनी तो खाल्ला.

"सई-निनादच्या निम्म्या पोरांत तुमचा तांदूळ जाण्याची शक्यता," ते म्हणाले. "काही होणार नाही त्यानं. झाकलेला राहील. पण तुमचं काहीतरी पुढे जाईल बघा." माझ्याकडून पुढे जाण्यासारखं काही आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मला उगाचच बरं वाटलं.

"पहिलं पोर झालं की मला दाखवायला आणायचं," साडू म्हणाले. "कुणाचं काय घेतलंय ते मी सांगतो. तुमचं काय, सईच्या आईचं काय, निनादकडचं काय. तुम्हाला कुणाला धड कळणार नाही. प्रत्येकाला आपलंच दिसतं."

"आणि तुम्हाला बरं दिसेल?" मी नेहमीच्या थट्टेनं म्हणालो.

त्यांनी शेवटची वाटी जागेवर ठेवली आणि काचेचं झाकण हलक्या हातानं लावलं.

"माझं त्यात काही नसणार ना," ते म्हणाले. "म्हणून मला नीट दिसेल."

बाहेरून ताईनं चहा झाल्याचं सांगितलं. आम्ही दोघंही लगेच बाहेर गेलो नाही.